कानाचा शब्द, हाताचा शब्द, तोंडाचा शब्द

त्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात कढीपत्त्याला पाणी देत होतो. मोटार लावलेली, पाइप माझ्या हातात, आणि बायको माझ्या पाठीमागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. पन्नास वर्षं संसार झाल्यावर सारखं बोलायला लागत नाही. मधेच ती म्हणाली, "चालु."

मी मागं न बघताच म्हणालो, "हो, हो."

थोड्या वेळानं मेथीचं ताट घेऊन ती आत गेली. मेथीची भाजी झाली, भाकरी झाली, जेवलो, झोपलो. ती पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, तिला काही कळलंसुद्धा नसेल. तिला काय कळायचं आणि काय नाही, ते त्या डॉक्टरला काय माहीत!

लोक भेटायला येतात. चहा पितात आणि विचारतात, शेवटी काय बोलली? मी सांगतो, काही नाही. जेवताना मीठ-मिरचीचं काहीतरी बोललो असू, ते आठवत नाही. आठवतो तो अंगणातला एक शब्द. तो मला कळला नव्हता, आणि मी त्याला हो म्हणालो होतो.

हे नीट सांगायचं तर तिच्या भाषेपासून सांगावं लागेल.

ती तेलुगू. तिचा बाप रेल्वेच्या गँगमध्ये, रूळ ठोकायच्या कामावर बदनापूरला होता. आमचं गाव तिथून जवळ. माझा बाप त्या क्वार्टरात दूध घालायचा. दोघं बिडी ओढत बसायचे. एकाला मराठी तोडकीमोडकी, दुसऱ्याला तेलुगू बिलकुल नाही. तरी त्यांनी आमचं लग्न ठरवून टाकलं. पोरगी लहानपणापासून तिकडं निजामाबादच्या बाजूला आजीजवळ वाढलेली. मराठीचा एक शब्द तिच्या कानावरून गेला नव्हता. भावकीनं नावं ठेवली. बाप म्हणाला, "घर सांभाळायला भाषा लागती व्हय? हात लागतेत."

बापाचं चुकलं. भाषा लागते. पहिल्याच पंगतीला लागली.

आई वाढत होती. नवरीचं पोट भरलं तेव्हा तिनं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "चालु, चालु." त्यांच्यात चालु म्हणजे पुरे, बस. आमच्या आईला वाटलं, नवी नवरी लाजून हात आडवा धरते आणि तोंडानं मात्र चालू द्या म्हणते. आईनं हात बाजूला सारून अजून एक भाकरी टाकली. ती काकुळतीला येऊन म्हणाली, "चालु!" आईनं अजून एक टाकली. वर शेजारणीला कौतुकानं सांगितलं, "खाती बरं का. कामाला चांगली निघंल." तिसऱ्या दिवशी पोरगी पोट धरून बसली.

मग एक दिवस तिनं पाणी मागितलं. तेलुगूत पाण्याला नीळ्ळु म्हणतात. आईनं कपाटातून कपड्याच्या निळीची पुडी काढून हातात दिली. ती पुडीकडं बघे, आईकडं बघे. चहाला दूध हवं म्हणून चुलीशी बसून "पालु, पालु" म्हणाली, तर आई झाडू घेऊन भिंतीवर पाल शोधत राहिली. मी दारात उभा राहून हसत होतो. आज त्याची लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

त्यानंतर तिनं तोंडच बंद केलं. दहा-अकरा महिने. पाणवठ्यावरच्या बायांनी ठरवून टाकलं, ह्यांची सून मुकी आहे, बापानं फसवून गळ्यात बांधली. माझ्या मामीनं तर अंगारा आणून दिला.

ती मुकी नव्हती. ती शिकत होती. पण हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही दुसऱ्या कुणामुळं.

दीड वर्षामागं जालन्याहून एक पोरगी स्कुटीवर आली. कॉलेजात मोठ्या पदवीचं काय तरी करून राह्यली होती. पाठीला पिशवी, पिशवीत कागद. म्हणाली, "ज्यांची घरची भाषा वेगळी आहे आणि मराठी नंतर शिकले, त्यांना मराठीतले किती शब्द येतात, ते मी मोजतेय."

मी म्हणालो, "शब्द काय ज्वारी हायेत का, मापात घालून मोजायला?"

"तेच तर बघायचंय आजोबा, माप बराबर हाय का न्हाई ते." आमच्यासारखं बोलली म्हणून मला ती आवडली.

कागदावर एकाखाली एक शब्द लिहिलेले. प्रत्येकासमोर दोन चौकोन. माहीत आहे, माहीत नाही. त्यात खूण करायची. एक कागद तिनं बायकोला दिला. मग म्हणाली, "आजोबा, तुमची तर जन्माचीच मराठी. तुम्हीपण भरा, आजींचा कागद तुमच्याशी ताडून बघते."

मी चौथी शिकलेला. पण वाचायला येतं. बायको तर एक दिवसही शाळेत गेली नाही. पोरांच्या अंकलिपीवरून त्यांच्याबरोबर शिकली. आम्ही दोघं चष्मे लावून ओट्यावर बसलो. मी चहा निवायच्या आत कागद भरून टाकला. सगळीकडं माहीत आहे. आपलीच भाषा, त्यात काय बघायचं? ती मात्र एकेका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवून वाचत होती. मी दोनदा म्हणालो, "उरक लवकर, काय कोर्टाचा कागद हाय का?" तिनं वर पाहिलं नाही.

पोरीनं माझा कागद बघितला आणि विचारलं, "आजोबा, लोंढवण म्हणजे काय हो?"

"ओढ्याला लोंढा आला की काडीकचरा वाहून येतो ना, ती लोंढवण. आमचा बाप म्हणायचा."

"आणि चिपळोट?"

"ते असतंय बैलगाडीला. आता गाड्याच राह्यल्या न्हाईत, तुला कुठून दाखवू?"

पोरगी खाली बघून हसायला लागली. "आजोबा, हे दोन्ही शब्द मी बनवलेत. माझ्या खोलीत बसून. असे शब्दच नाहीत मराठीत."

बायकोनं तोंडाला पदर लावला. मग तो पदर तिला पुरेना. "आगं माय! ह्येंनी बापालाबी मधी घेतलं! ताई, गावात कुणी ह्येंना रस्ता इचारला न, माहीत नसला तरी पार आष्टीपस्तोर लावून देतेत."

मी पोरीवर चिडलो. खोटे शब्द कशाला घालायचे? ही काय रीत झाली? तिनं शांतपणे सांगितलं, "माहीत नसताना माहीत आहे म्हणणारं कोण, ते असं कळतं. खोट्याला ज्यानं हो म्हटलं, त्याच्या खऱ्याच्या हो वरही विश्वास ठेवता येत नाही."

"मंग माझा कागद?"

"तो मी बाजूला ठेवते, आजोबा."

बायकोच्या कागदावर सगळ्या बनावट शब्दांसमोर माहीत नाही. एकही चुकला नव्हता. पण मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो, आणि एका खऱ्या शब्दासमोरही तिनं माहीत नाही केलं होतं. अंगाई. माझा पारा चढला. "तीन पोरं निजवलीस ह्या ओट्यावर, अन् अंगाई माहीत न्हाई म्हणतीस?"

ती म्हणाली, "पोरं निजवली. पण अंगाई हा शब्द मला कुणी म्हणलाच न्हाई. तुमची आई म्हणायची, गाणं म्हण. मी माझ्या आजीचं म्हणायचे."

पोरीनं तिला अंगाई म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणाली, "आसं व्हय. आता कानाचा झाला. तोंडाचा व्हायला घरात बाळ पायजे."

पोरगी एकदम सरसावून बसली. "आजी, कानाचा म्हणजे?"

आणि मग माझ्या बायकोनं जे सांगितलं, ते मी पन्नास वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं, कारण विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "तुझ्या कागदावर दोनच खाने हायेत, ताई. तीन पायजेत. मी नवी आल्ते तव्हा रोज मोजायचे. कुणी बोललं अन् मला उमगलं, की तो कानाचा शब्द. सासू म्हणाली, सूप आण, परात आण, ढेप आण, अन् मी बराबर तीच वस्तू घेऊन आले, शिवी न खाता, की तो हाताचा. अन् जो माझा मी, कुणी न सांगता, बराबर जागी बोलून दाखवला, तो तोंडाचा. सासू झोपली की मी भिंतीला टेकून बसायचे अन् बोटांवर मोजायचे. आज कानाचे किती, हाताचे किती. तोंडाचं बोट लई दिवस उघडलंच न्हाई."

"पहिला तोंडाचा शब्द कोणता होता, आजी?"

ती लाजली. मग मीच सांगितलं, कारण त्या दिवशी मी तिथं होतो.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. तिनं विहिरीच्या थारोळ्याशी मेथीचा वाफा केला होता. शेजारणीची शेळी त्यात घुसली. शेजारीण बांधावर उभी राहून बघत होती, हाकलत नव्हती. मुकी सून काय बोलणार आहे? मी बादली घेऊन येत होतो. आणि ही उभी राहिली, पदर खोचला, आणि म्हणाली, "शेळीला अक्कल न्हाई. तिला मालकिणीनं द्यायची असती. मालकिणीपाशीच उरली न्हाई, तर शेळी मंग मेथी खाणारच!"

शेजारणीच्या हातातली दोरी गळून पडली. पाणवठ्यावरच्या बाया धुणं टाकून पळत आल्या. मुकी बोलली! माझी बादली हातातच राहिली. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. वर्षभर ही बाई एकेक शब्द साठवत होती, पुसून-पारखून ठेवत होती, आणि काढला तेव्हा सगळा एकदम काढला. आई दारातून बघत होती. म्हणाली, "आता झाली ही आमची." आईनं त्याच्यानंतर तिला कधी नवी म्हटलं नाही.

पोरीनं ते सगळं लिहून घेतलं. मग पेनानं कागदावर आणखी एक रेघ ओढली, तीन खाने केले आणि तो सगळा कागद दोघींनी पुन्हा पहिल्यापासून भरला. दुपार गेली. मी आत-बाहेर करत होतो. बायको सांगत होती, "हा निस्ता कानाचा. टीव्हीवर बातम्यांत म्हणतेत, मला उमगतो, पण मी म्हणणार न्हाई, मला शोभत न्हाई." पुन्हा म्हणे, "हा हाताचा. धनी म्हणले तर आणून देईन, पण मला त्याचं नाव ऐन वेळेला तोंडावर येत न्हाई." ज्वारीचा शब्द आला तेव्हा थांबलीच नाही. कोवळी असली की हुरडा, भरली की कणीस, धान्य काढलं की मागं राहतं ते पिशी, वाळलं की कडबा, उभं आहे ते धाट. "एका ज्वारीला ह्या लोकांनी इतकी नावं ठेवली अन् नवऱ्याला हाक मारायला एक नाव ठेवलं न्हाई. निस्तं आवो, आवो." पोरीला हसू आवरेना.

जाताना पोरगी मला म्हणाली, "आजोबा, आजींना काय येतं ते तर त्यांना माहीत आहेच. पण काय येत नाही, तेसुद्धा त्यांना नेमकं माहीत आहे. हे फार थोड्यांना असतं." मग गाडीला किल्ली लावता लावता सहज विचारलं, "तुम्हाला तेलुगू किती येतं?"

मी म्हणालो, "येतं की. सगळं कळतं मला."

बायको माझ्याकडं बघत होती.

पण तिला ती खोट्या शब्दांची युक्ती फार आवडली होती. दुसऱ्या दिवसापासून घरात सुरू झालं. मी पेपर वाचत बसलो की आतून आवाज यायचा, "आवो, जरा त्या फळीवरचं खुरमांड द्या बरं." मी उठून फळीवर शोधायचो. डबे खाली काढायचो. "हितं न्हाई, कुठं ठिवलंस?" मग आतून हसण्याचा आवाज. कधी तेलुगूतला शब्द टाकायची, कधी तेलुगूसारखा ऐकू येणारा बनावट. मी प्रत्येकाला हो म्हणायचो. हो, आणतो. हो, माहितंय. हो, कळलं. एकदा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच, आणि म्हणाली, "एकदा तरी म्हणा की, माहीत न्हाई. तोंड झिजतंय का? मी ह्या घरात येऊन रोज म्हणले. माहीत न्हाई, माहीत न्हाई, माहीत न्हाई. म्हणून तर मला आलं."

मी म्हणालो, "मला माहीत असतंय त्याला मी काय करू?"

ती कपाळाला पीठ लागेल एवढ्या जोरानं हात मारून आत गेली.

आता हिशेब सरळ आहे. तिनं माझ्या भाषेतले किती शब्द घेतले ते त्या पोरीच्या कागदात मावले नाहीत. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात एकदा दुकानदार तिला म्हणाला होता, "मावशी, बोलणं ऐकावं तर तुमचं." ती म्हणाली, "मंग कापड बी तसंच दाखवा." आणि मी तिच्या भाषेतले घेतले तीन. नीळ्ळु, पालु, चालु. तेही तिनं शिकवले म्हणून नाही, मी हसलो होतो म्हणून लक्षात राहिले. त्या तिन्हीतला एकही माझ्या तोंडाचा नाही. हाताचा नाही. कानाचा आहे असं मी समजत होतो.

त्या खेळातला एखादा शब्द सोडला तर ती घरात तेलुगू बोलायचीच नाही. कुणाशी बोलणार? चालु हा शब्द तर त्या पहिल्या पंगतीनंतर मी तिच्या तोंडून पुरे ह्या अर्थानं ऐकला नव्हता. तिला बस म्हणायचं असलं की ती बस म्हणायची, पुरे म्हणायची, कधी कावली की "आता काय बुडवता का मला" म्हणायची. म्हणून त्या संध्याकाळी माझ्या पाठीमागून शब्द आला, तेव्हा मी धरलं की मराठीच आहे. मोटार चालू आहे, असं म्हणत असेल. किंवा चालू द्या. किंवा खेळत असेल, त्या खुरमांडासारखं. तीन अर्थ माझ्या डोक्यात आले, आणि कुठला बरोबर हे मला माहीत नव्हतं. मागं वळून विचारायला काय लागत होतं? मान वळवायची आणि म्हणायचं, काय म्हणलीस? मी म्हणालो, हो, हो. आणि पाणी तसंच सोडून बसलो, अंधार पडल्यावर मोटार बंद करून आत गेलो, मागं काही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. असं कधी होत नाही. तिचं तोंड भिंतीकडं होतं. म्हटलं, झोपू दे, काल दमली असेल.

दार उघडून अंगणात आलो. कढीपत्त्याचं आळं फुटलं होतं. पाणी तिथून निघून, फरशीवरून पसरत, खुर्चीच्या चारी पायांना वळसा घालून गेलं होतं. मातीचा माग सुकून राहिला होता. खुर्चीखाली मेथीच्या काड्या चिखलात चिकटलेल्या. आणि तिच्या चपला होत्या तिथंच होत्या, गाळात रुतलेल्या. ती अनवाणीच आत गेली होती.

मी चपलांकडं बघत उभा राहिलो. पाणी तिच्या पायाला लागलं होतं. पाय गार पडले, ती दचकली असेल, आणि अशा वेळी माणसाला जी भाषा पहिली येते ती आली. बस म्हणत होती ती. पंगतीत म्हणाली होती, तेच म्हणत होती. आणि माझ्या आईनं जे केलं होतं, तेच मी केलं.

मी नळाखाली चपला धुतल्या. भिंतीला उन्हात उभ्या करून ठेवल्या. मग चहा ठेवला. आलं तिच्यासारखं बारीक होत नाही माझ्याच्यानं, ठेचून टाकलं. दोन कपात ओतला आणि दोन्ही कप घेऊन आत गेलो. जाता जाता मनात जुळवत होतो, कसं म्हणायचं ते. ती किती हसेल, पदर तोंडाला लावेल, जालन्याच्या त्या पोरीला फोन करून सांगेल, ते सगळं.

खाटेजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "अगं, उठ. काल तू काय म्हणलीस, ते मला माहीत न्हवतं."